गणित नको असलेल्यांचा गणितावरचा अभिप्राय

पुढे गणित शिकायचे नाही अशांसाठी असलेला गणिताचा पहिला पेपर ही महाविद्यालयीन शिक्षणातली जुनी सोय आहे. विद्यार्थ्यांच्या लेखी जुनी गैरसोय. साहित्य, इतिहास, वाणिज्य किंवा समाजशास्त्र घेऊन पदवीला बसलेला विद्यार्थी पहिल्या वर्षी तो देतो, सुटतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. त्याला या पेपराबद्दल काय वाटले हे छापील फॉर्मवर विचारण्याची पद्धत जेमतेम शंभर वर्षांची आहे. ती अमेरिकेत रुजली आणि तिच्यावरचे मोठे वादही तिथेच झाले. त्या वादांत प्रारंभिक गणिताचा हा वर्ग पुन्हा पुन्हा पुढे येतो, आणि तो योगायोग नाही. एकच अभ्यासक्रम, डझनभर तुकड्या, प्रत्येक तुकडीला वेगळा शिक्षक आणि शेवटी सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका अशी व्यवस्था गणितात सहज सापडते. विद्यार्थ्याने शिक्षकाला दिलेले गुण आणि विद्यार्थ्याला मिळालेले गुण शेजारी मांडून पाहायचे, तर याहून सोयीची जागा दुसरी नाही.

फॉर्म नव्हते तेव्हाही विद्यार्थी मत देतच होते, फक्त ते कोणी मागितलेले नसे. येल कॉलेजचा १८२८ चा प्रसिद्ध अहवाल ग्रीक, लॅटिन आणि गणित यांना मनाच्या शिस्तीचा पाया मानणारा होता. पुढे वकील होणारा असो की धर्मोपदेशक, प्रत्येकाला शंकुच्छेद करावेच लागत. कॉलेजचे अध्यक्ष जेरेमाया डे स्वतः गणिताचे प्राध्यापक राहिलेले आणि बीजगणिताच्या एका खपणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे लेखक, तेव्हा दया होण्याची शक्यता नव्हती. तोपर्यंत विद्यार्थी पुस्तकातली आकृती समोर ठेवून सिद्धता म्हणत असत. पुढे फळा आला आणि आकृती स्वतः, आठवणीने फळ्यावर काढावी असा नियम झाला. १८३० मध्ये दुसऱ्या वर्षाच्या वर्गाने या पद्धतीने परीक्षा द्यायला साफ नकार दिला. ९६ जणांच्या त्या वर्गातून ४३ जणांना काढून टाकण्यात आले, आणि दुसऱ्या कॉलेजांनी त्यांना दारात उभे करू नये म्हणून त्यांची नावे सगळीकडे कळवण्यात आली. पुढे अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे अध्यक्ष झालेले आल्फ्रेड स्टिले हे त्या ४३ मधले एक. ‘शंकुच्छेदांचे बंड’ म्हणून ही घटना ओळखली जाते. तक्रार गणिताबद्दल कमी आणि ते घेण्याच्या रीतीबद्दल जास्त होती, एवढे तरी तिच्यातून स्पष्ट दिसते. कॉलेजने मात्र ती केवळ बेशिस्त म्हणून नोंदवली.

याच येलमध्ये त्याच शतकात ‘युक्लिडचे दफन’ नावाचा विधी चाले. भूमितीचा पेपर संपला की दुसऱ्या वर्षाचा वर्ग रात्री जमे. तापवून लाल केलेली लोखंडी सळई युक्लिडच्या प्रतीतून एकेकाने आरपार घालायची, म्हणजे पुस्तक आपण आरपार केले हे सिद्ध झाले. मग शवपेटी, मशाली, मिरवणूक, खोटी शोकभाषणे, खास रचलेली गाणी आणि अखेर अग्निसंस्कार किंवा मूठमाती. प्राध्यापकांना हा प्रकार आवडण्याचे कारण नव्हते, आणि १८६० च्या सुमारास तो बंद पडला. अभिप्रायाच्या इतिहासात एवढा मनापासून दिलेला दुसरा अभिप्राय सापडणे कठीण.

पुढची कलाटणी विद्यार्थ्यांच्या ओरडीने मिळाली नाही, ती प्रशासनातून आली. चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सक्तीचे विषय एकेक करून ऐच्छिक केले. शतक संपता संपता तिथे इंग्रजी लेखनाखेरीज सक्तीचे फारसे काही उरले नव्हते. इतर कॉलेजांनी कमीअधिक प्रमाणात तोच रस्ता धरला. निवड हातात आल्यावर अनेकांनी गणिताकडे पाठ फिरवली. विद्यार्थी आता पायांनी मत देत होते. एलियटनंतर १९०९ मध्ये आलेल्या लॉरेन्स लोवेल यांनी लगाम पुन्हा थोडा खेचला: एका विषयात खोलवर जा, पण बाकीच्या ज्ञानशाखांतूनही थोडे थोडे घ्या. देशभर पसरलेल्या या तडजोडीतूनच आजचा पेपर जन्मला. गणित सर्वांना सक्तीचे राहिले नाही, पण ‘विज्ञान किंवा गणितातला एखादा पेपर’ ही अट राहिली. वर्गात आता असा विद्यार्थी बसू लागला, ज्याने गणित निवडले खरे, पण भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र टाळण्यासाठी.

पुढे प्रभावी ठरलेला छापील फॉर्म आला १९२७ मध्ये, इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात. मानसशास्त्रज्ञ हर्मन रेमर्स आणि त्यांचे सहकारी ब्रँडेनबर्ग यांनी ‘पर्ड्यू रेटिंग स्केल फॉर इन्स्ट्रक्टर्स’ प्रसिद्ध केली. तिच्यात दहा बाबी होत्या: विषयातली गोडी, विद्यार्थ्यांविषयी सहानुभूती, गुण देण्यातली निष्पक्षता, उदार व पुरोगामी वृत्ती, विषय मांडण्याची हातोटी, तारतम्य आणि विनोदबुद्धी, आत्मविश्वास, वैयक्तिक लकबी, बाह्य रूप आणि जिज्ञासा जागवण्याची क्षमता. दहाही बाबी शिक्षकाच्या आहेत. विषय विद्यार्थ्याला किती कळला, तो तिथे कशासाठी आला होता, आधीची तयारी किती होती, यांतले काहीच विचारलेले नाही. पुढच्या काळात फॉर्म लांबले, कोट आणि टाय यांची चौकशी गळाली, पण हा मूळ साचा फारसा हलला नाही. शिक्षकाविषयी विचारायचे आणि उत्तर अभ्यासक्रमाविषयी मिळाले तरी ते शिक्षकाच्या खात्यावर मांडायचे, ही खोड तेव्हापासूनची आहे.

गणित विभागांनी दरम्यान दुसऱ्या बाजूने काम सुरू केले. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला, कॉलेजे भरली आणि ‘कॉलेज अल्जिब्रा’चे वर्ग फुगले. हा पेपर खरे तर कॅल्क्युलसची पायरी होता. ज्याला जिना चढायचाच नाही त्याला पायरी घासायला लावण्यात काय हशील, असा प्रश्न विचारणाऱ्यांत डार्टमथ कॉलेजचे जॉन केमेनी होते. त्यांनी लॉरी स्नेल आणि जेराल्ड थॉम्प्सन यांच्यासह १९५७ मध्ये ‘इंट्रोडक्शन टू फायनाइट मॅथेमॅटिक्स’ लिहिले. तर्क, संच, संभाव्यता, मॅट्रिक्स, लिनियर प्रोग्रॅमिंग, खेळांचा सिद्धान्त अशी त्याची मांडणी होती. कॅल्क्युलस वगळून समाजशास्त्राच्या आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला खरोखर वापरता येईल असे गणित त्यात होते. मॉरिस क्लाइन यांनी १९६२ मध्ये वेगळी वाट धरली: गणित हा संस्कृतीचा भाग म्हणून, चित्रकलेतल्या यथार्थदर्शनापासून ग्रहांच्या गतीपर्यंत शिकवायचे. १९८० मध्ये स्थापन झालेल्या कोमॅप या संस्थेने ‘फॉर ऑल प्रॅक्टिकल पर्पजेस’ ही दूरचित्रवाणी मालिका आणि त्याच नावाचे पाठ्यपुस्तक काढले. त्यात पहिलाच प्रश्न रस्त्यावरचा होता: एकाच गल्लीतून दोनदा न जाता सगळ्या गल्ल्या कशा फिरायच्या? ऑयलरच्या सिद्धान्ताने याचे उत्तर एका मिनिटात देता येते. ज्या चौकात विषम संख्येने रस्ते मिळतात तो चौक अडचणीचा. असे चौक दोनपेक्षा जास्त असतील तर एखादी गल्ली दुसऱ्यांदा तुडवावीच लागते. समीकरण न सोडवता विद्यार्थी इथे सिद्धता करतो, आणि त्याला ते जाणवतही नाही.

कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठात असा एक वर्ग टॉम लेहरर यांनी १९७२ पासून जवळजवळ तीन दशके घेतला. विडंबनगीतांमुळे ते जगाला माहीत होते. तिथे ते कलाशाखेच्या मुलांना ‘गणिताचे स्वरूप’ शिकवत. त्या काळी या विद्यापीठात विद्यार्थ्यांना श्रेणींऐवजी शिक्षकाने लिहिलेला लेखी अभिप्राय मिळे. विद्यार्थ्याने शिक्षकाला आकडा द्यायचा आणि शिक्षकाने विद्यार्थ्याला परिच्छेद, असा उलटा न्याय तिथे काही काळ नांदला.

१९६० च्या दशकात फॉर्मचा ताबा विद्यार्थ्यांनी घेतला. हार्वर्डच्या ‘क्रिमसन’ या विद्यार्थी दैनिकाची प्रारंभिक अभ्यासक्रमांवरची खुसखुशीत मार्गदर्शिका १९२० च्या दशकापासून निघत होतीच. बर्कलीमध्ये ‘स्लेट’ या विद्यार्थी संघटनेने विद्यापीठाच्या अधिकृत माहितीपुस्तकाला पुरवणी काढली आणि कोणता प्राध्यापक कसा शिकवतो हे नावानिशी छापले. आंदोलनांच्या त्या वर्षांत विद्यापीठांना एक गोष्ट कळून चुकली: मुले छापणारच आहेत, तर आपणच छापलेले बरे. १९७० च्या दशकात फॉर्म प्रशासनाकडे गेला आणि त्याचे आकडे बढती व कायम नेमणुकीच्या फाइलमध्ये जाऊ लागले. मग मात्र हे आकडे नेमके काय मोजतात, हा प्रश्न पोटापाण्याचा झाला.

पहिला धक्का गणिताच्याच वर्गातून बसला. १९७२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मिरियम रोडिन आणि बर्टन रोडिन यांचा लेख आला. कॅल्क्युलसच्या एका मोठ्या वर्गाच्या बारा तुकड्या सहायक शिक्षक घेत होते. प्रत्येक तुकडीने आपल्या शिक्षकाला दिलेले गुण आणि त्या तुकडीने आत्मसात केलेले गणित यांचा सहसंबंध उणे ०.७५ च्या आसपास निघाला. साध्या शब्दांत, जो सहायक जास्त आवडला त्याच्या तुकडीला गणित कमी आले. लेख गाजला आणि टीकाकार त्याच्यावर तुटूनही पडले. सहायक शिक्षक मुख्य व्याख्यान देत नाहीत, त्यांच्या वाट्याला फक्त उदाहरणे सोडवून घेणे येते. कच्च्या सहायकाच्या तुकडीने घरी जास्त मेहनत घेतली असेल, असे आक्षेप आले, आणि ते पोकळ नव्हते. पुढच्याच वर्षी पीटर फ्रे यांनी त्याच नियतकालिकात, पुन्हा कॅल्क्युलसच्याच तुकड्यांवरून, उलट निष्कर्ष मांडला: चांगल्या शिक्षकाला विद्यार्थी बरोबर ओळखतात.

त्याच १९७३ साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग अधिक खोडसाळ होता. वैद्यकीय शिक्षकांच्या एका परिषदेत ‘डॉ. मायरन फॉक्स’ यांचे व्याख्यान झाले. विषय होता वैद्यकीय शिक्षणात गणिती खेळसिद्धान्ताचा वापर. डॉ. फॉक्स हे प्रत्यक्षात नट होते. एका लोकप्रिय विज्ञान मासिकातला लेख त्यांना घोकायला दिला होता, आणि परस्परविरोधी विधाने, स्वतः बनवलेले शब्द व विषय सोडून केलेले विनोद यांनी वेळ भरून काढायला सांगितले होते. श्रोते मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक होते. गणित कोणाचेच क्षेत्र नव्हते. फॉर्मवर त्यांनी व्याख्यान विचारप्रवर्तक ठरवले. ध्वनिचित्रफीत आणखी दोन गटांना दाखवली, तिथेही तेच. या प्रयोगाचा आवाका लहान होता आणि त्यावरून मोठे निष्कर्ष काढणारे घाई करतात. तरी निवडलेला विषय पाहता एक गोष्ट मानावी लागते. गणितापुढे गप्प बसायची सवय ज्यांना लागलेली आहे, त्यांच्यासमोर गणिताच्या नावाखाली बरेच काही खपते.

ती सवय हाही याच दशकात अभ्यासाचा विषय झाला. रिचर्डसन आणि स्विन यांनी १९७२ मध्ये गणिताची भीती मोजणारी ९८ प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. शीला टोबायस यांनी ‘ओव्हरकमिंग मॅथ अँग्झायटी’ १९७८ मध्ये लिहिले. हुशार, वाचणाऱ्या, नीट बोलणाऱ्या मुली आकडा दिसताच का गोठतात, हा त्यांचा प्रश्न होता. शिक्षकाचे मूल्यमापन करणाऱ्या फॉर्मवर या भीतीला चौकटच नव्हती. वर्गात पहिल्या दिवशी पोटात गोळा आलेला विद्यार्थी सत्राच्या शेवटी ‘शिक्षक फार वेगाने जातात’ या वाक्यासमोर खूण करी, आणि आकडा त्या शिक्षकाच्या सरासरीत जाई.

आकडेवारीचा पुढचा प्रवास लंबकासारखा झाला. पीटर कोहेन यांनी १९८१ मध्ये अनेक तुकड्यांच्या उपलब्ध अभ्यासांची गोळाबेरीज करून शिक्षकाला दिलेले गुण आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष शिकणे यांचा सहसंबंध सरासरी ०.४३ काढला, आणि दोन-तीन दशके फॉर्मच्या समर्थकांना तेवढे पुरले. २०१७ मध्ये बॉब उटल आणि सहकाऱ्यांनी तीच सामग्री पुन्हा तपासली. मोठे सहसंबंध छोट्या, मोजक्या तुकड्यांच्या अभ्यासांतून आले होते. मोठ्या अभ्यासांत संबंध जवळजवळ शून्यावर येतो, असे त्यांनी दाखवले. त्याच वर्षी उटल आणि स्मायबर्ट यांनी १४,८७२ वर्गांची मूल्यांकने पाहिली. गणिताच्या शिक्षकांना इंग्रजीच्या शिक्षकांपेक्षा सरसकट कमी गुण मिळतात, आणि सगळ्या विद्यापीठाला एकच किमान रेषा लावली तर गणित शिकवणारा ‘असमाधानकारक’ ठरण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते.

सर्वांत पक्का पुरावा मात्र कोलोरॅडोतल्या अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीतून आला. तिथे कॅडेट इतिहासाचा असो की अभियांत्रिकीचा, कॅल्क्युलस सर्वांना सक्तीचे. कोण कोणाच्या तुकडीत जाणार हे विद्यार्थी ठरवत नाही, प्रशासन ठरवते. प्रश्नपत्रिका एकच असते. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची नोंद वापरून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. नवख्या शिक्षकांच्या तुकड्या त्या पेपरात चांगले गुण मिळवत होत्या आणि शिक्षकालाही चांगले गुण देत होत्या. मुरलेल्या शिक्षकांच्या तुकड्या तेव्हा थोड्या मागे राहत, फॉर्मवर कुरकुरत, आणि त्यावर आधारलेल्या पुढच्या पेपरांत मात्र पुढे जात. विद्यार्थी खोटे बोलत नव्हते. सत्राच्या शेवटी त्यांना जे दिसत होते ते त्यांनी लिहिले. फळ दिसायला एक वर्ष लागणार होते. २०१८ मध्ये टोरोंटोच्या तेव्हाच्या रायर्सन विद्यापीठातील वादात लवाद विल्यम कॅप्लन यांनी असे फॉर्म बढती आणि कायम नेमणुकीसाठी अध्यापनाचे मोजमाप म्हणून वापरू नयेत असा निर्णय दिला, तो याच साठलेल्या पुराव्यावर.

या गदारोळात अभिप्राय घेण्याची एक साधी रीत मागे पडते, आणि तीच सगळ्यांत उपयोगी आहे. फ्रेडरिक मोस्टेलर हार्वर्डचे नामवंत संख्याशास्त्रज्ञ. १९६१ मध्ये एनबीसी वाहिनीवर पहाटे संभाव्यता आणि संख्याशास्त्र शिकवून त्यांनी घरबसल्या लोकांनाही विद्यार्थी केले होते. पुढे प्रारंभिक संख्याशास्त्राच्या वर्गात ते तास संपताना काही मिनिटे राखून ठेवत आणि तीन गोष्टी कागदावर लिहून मागत: आजचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कोणता, सर्वांत गढूळ राहिलेला मुद्दा कोणता, आणि कशाबद्दल आणखी ऐकायला आवडेल. त्यांच्या नावाची, पोशाखाची किंवा विनोदाची चौकशी त्यात नव्हती. पुढच्या तासाला गढूळ मुद्द्यांवरचे टिपण वर्गात वाटले जाई. १९८९ मध्ये त्यांनी ही पद्धत लिहून प्रसिद्ध केली. एखादा विद्यार्थी ‘प्रमाण विचलन कळले, पण वर्ग करून पुन्हा वर्गमूळ का काढायचे?’ असे लिहितो, तेव्हा शिक्षकाला उद्या काय करायचे हे समजते. ‘शिक्षक: ५ पैकी ३.२’ यावरून ते समजत नाही.

यूरी ट्रीसमन यांनी १९७० च्या दशकात बर्कलीत आणखी पुढचे पाऊल टाकले. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी का मागे पडतात, याची प्राध्यापकांकडे तयार उत्तरे होती: जिद्द कमी, शाळेची तयारी कमी, घरचा पाठिंबा कमी, पैसा कमी. ट्रीसमन फॉर्म न वाटता विद्यार्थ्यांबरोबर राहिले, त्यांचा अभ्यास पाहिला, आणि चारही कारणे बाजूला पडली. ती मुले नेकीने, पण एकेकटी अभ्यास करत होती. चिनी वंशाची मुले जेवता-जेवता एकमेकांची उदाहरणे तपासत होती. त्यावरून उभ्या राहिलेल्या गटकार्यशाळा पुढे देशभर गेल्या.

महाराष्ट्रात गणित नको असलेल्यांसाठीच्या या पेपराचा सर्वांत जवळचा अवतार म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या एफवायबीकॉमचा ‘मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स’ हा पेपर. शेअर्स आणि म्युच्युअल फंड, क्रमपर्याय व संयोग, लिनियर प्रोग्रॅमिंग, सहसंबंध, निर्देशांक. केमेनींच्या पुस्तकाशी त्याचे गोत्र जुळते. अडचण अकरावीतच सुरू होते. वाणिज्य शाखेत तिथे ‘मॅथ्स की एसपी’ असा पर्याय असतो, आणि एसपी म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस घेणाऱ्याचे गणित दहावीला सुटते. दोन वर्षांनी दोन्ही प्रकारची मुले एकाच वर्गात येतात. एका बाकाला सहसंबंधाचा गुणांक कंटाळवाणा वाटतो, दुसऱ्याला त्यातले सिग्माचे चिन्हच परके असते, आणि एटीकेटीची यादी लागते तेव्हा दुसऱ्या बाकाची नावे त्यात जास्त सापडतात. अशा वर्गाची सरासरी काढली तर ती कोणत्याच विद्यार्थ्याचे मत सांगत नाही.

अभिप्राय इथे औपचारिक झाला तो नॅकमुळे. बंगळुरूची ही मूल्यांकन संस्था १९९४ ची. २०१७ पासूनच्या तिच्या चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आले आणि विद्यार्थ्यांना थेट ई-मेलवर प्रश्नावली जाऊ लागली. तिचा पहिलाच प्रश्न वर्गात अभ्यासक्रम किती शिकवून झाला हा आहे, आणि पर्याय टक्क्यांत दिलेले आहेत. आपल्याकडे ‘पोर्शन पूर्ण झाला का’ ही प्राचार्यांची, पालकांची आणि क्लासवाल्यांची सामाईक चिंता असल्याने हा प्रश्न कोणाला खटकत नाही. वीस प्रश्नांना पर्याय आहेत. एकविसाव्यात तीन सूचना मोकळेपणाने लिहायच्या असतात. सर्वेक्षण संपूर्ण महाविद्यालयाचे असल्याने गणिताचा पेपर आणि कँटीन विद्यार्थ्याला एकाच श्वासात आठवतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची चौकट २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांच्या पहिल्या वर्षाला लागू झाली, आणि तिच्यात ओपन इलेक्टिव्ह आले: मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा एखादा पेपर विद्यार्थ्याने स्वतः निवडायचा. मराठी साहित्याची मुलगी आता आर्थिक गणित घेऊ शकते किंवा बिनदिक्कत वगळू शकते. गणित विभागाला आपला पेपर आता इतर विभागांच्या पेपरांशेजारी मांडावा लागतो, आणि त्यावरचा पहिला अभिप्राय सत्राच्या शेवटी नव्हे, जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी पटसंख्येच्या रूपाने हाती येतो.